मोठ्या प्रोग्रामच्या पोटात लुआ बसवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला एक मोठा प्रोग्राम यंत्रांवरच्या सेन्सरच्या नोंदी वाचतो आणि ठरावीक नियमांनुसार इशारे देतो, नियम सारखे बदलत असल्यामुळे दरवेळी सगळा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून पोहोचवावा लागतो, तेव्हा आत एखादी हलकी स्क्रिप्ट भाषा बसवावी का, बसवायची तर लुआ की पायथन, की नियमांपुरती स्वतःचीच छोटी भाषा लिहावी. जवळजवळ अशाच कामासाठी मी लुआ बसवली आहे आणि नंतर काही वर्षे ती सांभाळलीही आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो. इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग) आत बसवणे हे एका दुपारचे काम आहे. पुढचे महिने खर्ची पडतात ते मूळ प्रोग्राम आणि स्क्रिप्ट यांच्यामधल्या सीमेवर. कोणती वस्तू कोणाच्या मालकीची, चूक झाली तर ती कोणी पकडायची आणि थांबायचे नावच न घेणारी स्क्रिप्ट कोणी थांबवायची, हे आधी ठरवले नसेल तर भाषा कोणतीही निवडली तरी त्रास तोच होतो.

स्वतःची भाषा लिहू नका, असे मी स्पष्टच सांगेन. सुरुवात ‘तापमान ८० च्या वर गेले तर’ एवढ्याने होते. मग कोणाला तरी ‘आणि’ हवा असतो, मग कंस, मग मधले मूल्य ठेवायला व्हेरिएबल, मग लूप, आणि वर्षभरात आपल्या हातात एक अशी भाषा असते जिला डीबगर नाही, दस्तऐवज नाहीत आणि जिचा व्याप्तीचा नियम (कोणते नाव कोठे चालते) तिच्या लेखकालाही नीट सांगता येत नाही. जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कली येथे टीसीएल या स्क्रिप्ट भाषेचे काम सुरू केले ते नेमके याच कारणाने. प्रत्येक साधन आपापली दुबळी आज्ञाभाषा घडवत बसण्यापेक्षा एकच चांगली भाषा लायब्ररीच्या रूपात सगळ्यांत बसवावी, हा त्यामागचा विचार होता. लुआचा जन्मही असाच झाला. १९९३ मध्ये रिओ द जानेरोच्या पोंटिफिकल कॅथलिक विद्यापीठात रॉबर्टो इएरुसालिम्स्की, वाल्देमार सेलेस आणि लुइझ हेन्रिके द फिगेरेदो यांनी दोन लहान खास भाषांच्या जागी एक सर्वसाधारण भाषा आणली. थोडक्यात, या वाटेने लोक आधीच जाऊन परत आलेले आहेत.

पायथन ही भाषा म्हणून मला अधिक आवडते, पण आपल्या कामाला ती जड पडेल. सीपायथन, म्हणजे पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर, आत बसवता येतो, मात्र त्याची बरीचशी अवस्था पूर्ण प्रोसेससाठी एकच असते, प्रमाण लायब्ररी सोबत न्यावी लागते, आणि स्क्रिप्टने फाइल किंवा नेटवर्कला हात लावू नये असे बंधन भाषेच्या आतून खात्रीने घालता येत नाही. आपले नियम लिहिणाऱ्यांना पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ऱ्या हव्याच असतील तर वेगळी प्रोसेस चालवून तिच्याशी बोलणे अधिक सुरक्षित ठरेल. जावास्क्रिप्ट येणारी माणसे हाताशी असतील तर फाब्रिस बेलार यांचे २०१९ चे क्विकजेएस हे जावास्क्रिप्ट इंजिन विचार करण्याजोगा पर्याय आहे. मेमरीची मर्यादा आणि मध्येच थांबवण्याची सोय त्यात तयार मिळते, पण प्रत्येक मूल्य आठवणीने मोकळे करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. बाकी कामांसाठी माझे मत लुआकडे झुकते. सुमारे ३०,००० ओळींचा शुद्ध सी, बाहेरच्या कोणत्याही लायब्ररीवर अवलंबून नाही, एमआयटी परवाना, आणि सर्व प्रमाण लायब्ऱ्यांसह नवी उघडलेली एक अवस्था (म्हणजे एक स्वतंत्र चालता इंटरप्रिटर आणि त्याचा डेटा) वीस-पंचवीस किलोबाइटमध्ये मावते. रेडिस हा डेटाबेस, निओव्हिम हा एडिटर आणि वायरशार्क हे नेटवर्क तपासण्याचे साधन यांच्या आत ती आहे, हेही पुरेसे बोलके आहे.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे येतो. सी आणि लुआ यांच्यात मूल्यांची देवघेव एका स्टॅकवरून, म्हणजे एकावर एक मूल्ये ठेवलेल्या चळतीवरून, होते. आपण नियमाचे फंक्शन स्टॅकवर ठेवता, त्यावर नोंद ठेवता, लुआ_पीकॉलला (चूक झाली तर ती पकडणाऱ्या हाकेच्या फंक्शनाला, पुढे नुसते पीकॉल) हाक मारता; ते फंक्शन आणि नोंद उचलून घेते आणि त्यांच्या जागी उत्तर ठेवते; आपण उत्तर वाचता आणि ते स्टॅकवरून काढता. हे इतके सोपे आहे की शेवटची पायरी विसरायला होते, आणि मी ती विसरलो होतो. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नियम दर सेकंदाला एकदा चालत असे. नियम नीट चालला तर मी उत्तर काढत होतो. नियमात चूक झाली तर मात्र चुकीचा संदेश लॉगमध्ये लिहून तसाच परत फिरत होतो, आणि तो संदेश स्टॅकवर पडून राहत होता. चाचणीत सगळे सेन्सर ठणठणीत असल्यामुळे काहीच दिसले नाही. एका ठिकाणी एक सेन्सर बंद पडला, नोंदीच्या जागी ‘निल’ (मूल्यच नाही) येऊ लागले, तो एक नियम दर सेकंदाला नापास होऊ लागला आणि दर सेकंदाला एक संदेश साचू लागला. लुआ ५.३ मध्ये स्टॅकची कमाल मर्यादा नेहमीच्या बांधणीत १०,००,००० जागांची आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ती साडेअकरा दिवसांत भरते. त्यामुळे अकरा दिवस सारे आलबेल, आणि बाराव्या दिवशी बिचारे चांगले नियमही ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ म्हणत नापास, असा प्रकार दोनदा घडेपर्यंत मी बंद सेन्सरचा आणि या पडझडीचा संबंध जोडू शकलो नव्हतो.

तेव्हापासून मी हाकेआधी स्टॅकची उंची लिहून ठेवतो आणि बाहेर पडताना, मार्ग कोणताही असो, लुआ_सेटटॉप वापरून ती पूर्ववत करतो. सी प्लस प्लसमध्ये हे काम एका छोट्या वर्गाच्या डिस्ट्रक्टरकडे (वस्तू संपताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनाकडे) सोपवता येते. शिवाय विकासाच्या काळात लुआ_यूज_एपीआयचेक हा मॅक्रो चालू ठेवून लुआ कंपाइल करा. स्टॅकचे असे गैरवापर ती जागच्या जागी असर्ट करून, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवून, दाखवते. हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

चुकांच्या बाबतीत दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली अशी की सी म्हणून कंपाइल केलेली लुआ चूक झाल्यावर लाँगजंप करते, म्हणजे मधल्या फंक्शनांतून रीतसर परत न येता थेट पीकॉलपाशी उडी मारते. आपण लुआला दिलेल्या सी प्लस प्लस फंक्शनात एखादी स्ट्रिंग किंवा कुलूप (इतर थ्रेडना रोखणारे लॉक) धरलेले असेल आणि त्याच वेळी आपण लुआची चूक फेकली, तर डिस्ट्रक्टर चालत नाहीत. मेमरी गळते ती परवडली, पण धरलेले कुलूप कधीच सुटत नाही. लुआचा स्रोत सी प्लस प्लस म्हणून कंपाइल केला तर ती लाँगजंपऐवजी एक्सेप्शन (सी प्लस प्लसची चूक फेकण्याची रीतसर सोय) वापरते आणि हा प्रश्न सुटतो. तरीही आपली स्वतःची एक्सेप्शने लुआच्या हद्दीत शिरू देऊ नका. प्रत्येक फंक्शनाच्या दाराशी ती पकडा, संदेश साध्या बफरमध्ये उतरवा, सगळ्या वस्तू मोकळ्या झाल्यावरच लुआची चूक फेका. दुसरी गोष्ट अशी की पीकॉल परत येते तेव्हा हाकांची साखळी विरून गेलेली असते, म्हणून चूक कोठून आली हे नंतर विचारून उपयोग नसतो. पीकॉलला संदेश हाताळणारे फंक्शन द्यावे आणि त्यात ट्रेसबॅक (हाकांच्या साखळीची यादी) घ्यावा. स्क्रिप्ट मेमरीतून लोड करत असाल तर तिला ‘@’ ने सुरू होणारे फाइलचे नाव द्या, म्हणजे नियम लिहिणाऱ्याला फाइल आणि ओळ दोन्ही दिसतील. पीकॉलच्या बाहेर झालेली चूक शेवटी पूर्ण प्रोग्रामच बंद पाडते, त्यामुळे सुरुवातीची जुळणीसुद्धा पीकॉलच्या आतच करावी.

मालकीच्या प्रश्नावर माझा सल्ला कडक आहे: सी प्लस प्लसचा उघडा पॉइंटर (वस्तूचा मेमरीतला पत्ता) स्क्रिप्टच्या हाती कधीही देऊ नये. नियम लिहिणारा तो एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून देईल, इकडे आपण सेन्सरची वस्तू नष्ट कराल, आणि तासाभराने स्क्रिप्ट त्याच पत्त्यावर जाऊन धडकेल. लाइट यूजरडेटा हा प्रकार नेमका असाच उघडा पॉइंटर असतो, आणि सगळ्या लाइट यूजरडेटांना मिळून एकच मेटाटेबल (मूल्याने कसे वागावे हे सांगणारे टेबल) असल्यामुळे प्रकाराची तपासणीही धड होत नाही. त्याऐवजी पूर्ण यूजरडेटा (लुआने स्वतः सांभाळलेला मेमरीचा तुकडा) घ्या, त्यात सेन्सरचा क्रमांक आणि त्या क्रमांकाची पिढी (क्रमांक नव्या वस्तूला दिला की वाढणारा आकडा) एवढेच ठेवा, आणि प्रत्येक हाकेच्या वेळी आपल्या तक्त्यात तपासा. वस्तू गेलेली असेल तर स्क्रिप्टला सभ्य शब्दांत चूक मिळते आणि प्रोग्राम चालू राहतो. क्रमांक ६४ बिटांचे असतील तर लुआ ५.३ किंवा पुढची आवृत्तीच घ्यावी, कारण त्याआधीच्या आवृत्त्यांत संख्यांचा नेहमीचा प्रकार डबल (दशांश संख्यांचा) होता आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढचे पूर्णांक त्यात तंतोतंत मावत नाहीत. वेगासाठी लुआजिट या लुआच्या वेगवान रूपाकडे वळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण ती ५.१ वर आधारलेली आहे.

आता न थांबणाऱ्या स्क्रिप्टविषयी, कारण इथेच बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात. ठरावीक इतक्या सूचना (इंटरप्रिटरच्या लहान लहान पायऱ्या) चालल्या की आपले फंक्शन बोलावणारा हुक लुआ देते, आणि त्यात चूक फेकली की अनंत लूप तुटतो. पण स्क्रिप्टमध्येही पीकॉल उपलब्ध असते. लूपच्या आत पीकॉल आणि पीकॉलच्या आत पुन्हा लूप असे कोणी लिहिले, तर आपण फेकलेली चूक स्क्रिप्टच गिळून टाकते आणि पुन्हा कामाला लागते. म्हणून मर्यादा एकदा ओलांडली की हुक प्रत्येक सूचनेला चालेल असा बदलावा आणि दरवेळी चूक फेकत राहावे. मग बाहेर पडण्यावाचून स्क्रिप्टला गत्यंतर राहत नाही. हा हुक फक्त लुआच्या सूचना मोजतो, हेही लक्षात असू द्या. मुद्दाम वेडावाकडा रचलेला पॅटर्न (मजकूर शोधण्याचा साचा) लांबलचक स्ट्रिंगवर चालवला तर तो वेळ सीमध्ये लिहिलेल्या एकाच फंक्शनाच्या आत जातो आणि हुकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मेमरीसाठी मात्र चांगला उपाय आहे: अवस्था निर्माण करताना स्वतःचा अ‍ॅलोकेटर (मेमरी देणारे फंक्शन) द्यावा, त्यात बेरीज ठेवावी आणि मर्यादेबाहेरची मागणी नाकारावी. लुआ ५.२ पासून अशा वेळी ती आधी कचरा गोळा करून पाहते आणि तरीही जागा मिळाली नाही तरच मेमरीची चूक देते.

सगळ्या प्रमाण लायब्ऱ्या एका फटक्यात उघडण्याचा मोह टाळावा. नियमांसाठी मूळ, स्ट्रिंग, टेबल आणि गणित एवढ्या पुरतात. फाइली, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डीबगच्या लायब्ऱ्या उघडूच नयेत, आणि मूळ लायब्ररीतूनही फाइल लोड करणारी फंक्शने काढून टाकावीत. स्क्रिप्ट लोड करताना फक्त मजकूर स्वीकारावा, बाइटकोड (स्क्रिप्टचे आधीच कंपाइल केलेले रूप) नाही. ५.२ मध्ये बाइटकोडची पडताळणी काढून टाकण्यात आली, त्यामुळे मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड इंटरप्रिटरला थेट क्रॅश करू शकतो. नियम लिहिणारी माणसे आपल्याच घरची आहेत आणि कोणी मुद्दाम काही करणार नाही, हे मान्य. पण चुकून लिहिलेला अनंत लूप आणि मुद्दाम लिहिलेला अनंत लूप यांत प्रोग्रामला फरक कळत नाही.

थ्रेडबद्दल फार सांगण्यासारखे नाही: एक अवस्था एका वेळी एकाच थ्रेडने वापरायची. प्रत्येक थ्रेडला आपली वेगळी अवस्था द्यावी आणि त्यांच्यात निरोप पाठवावेत. अवस्था इतकी हलकी असते की काटकसर करण्याचे कारण नाही.

जिथे सर्वांत जास्त विचार करावा ती गोष्ट म्हणजे स्क्रिप्टला दिसणारी फंक्शने किती आणि कोणती. हजार वर्ग आपोआप लुआसमोर मांडून देणारी साधने मिळतात, आणि सुरुवातीला मीही तसेच एक वापरले होते. परिणाम असा झाला की नियम लिहिणाऱ्यांनी प्रोग्रामच्या आतल्या बारीकसारीक फंक्शनांवर नियम उभारले, आणि पुढे ती फंक्शने बदलण्याचे माझे स्वातंत्र्यच संपले. नंतर मी सगळे पुसून चारच फंक्शने ठेवली: ताजी नोंद वाचणे, मागच्या ठरावीक मिनिटांच्या नोंदी एकत्र मागणे, इशारा देणे आणि लॉगमध्ये ओळ लिहिणे. यातल्या दुसऱ्या फंक्शनाला ‘एकत्र’ हा शब्द मुद्दाम लावला आहे. एकेक नोंद मागायला लावली तर सीमा हजार वेळा ओलांडावी लागते आणि वेळ नियमापेक्षा ये-जा करण्यातच जातो. एक टेबल भरून दिले की स्क्रिप्ट तिच्या हद्दीत सुखाने गणित करते.

शेवटी एक छोटी सोय सांगतो, कारण तिच्यामुळे मला येणारे निम्मे फोन बंद झाले. लुआमध्ये नाव चुकीचे लिहिले तर चूक येत नाही, गुपचूप ‘निल’ मिळते, आणि तक्रार भलत्याच ओळीवर उगवते. प्रत्येक स्क्रिप्टला स्वतःचे वातावरण म्हणून वेगळे टेबल देता येते. त्याला असा मेटाटेबल लावावा की अस्तित्वात नसलेले नाव वाचले किंवा फंक्शनाच्या आतून नवे ग्लोबल नाव निर्माण केले तर तिथल्या तिथे, त्या नावासकट चूक यावी. वीसेक ओळींचे काम आहे, आणि पहिला नियम लिहिला जाण्याआधीच ते करावे, कारण नंतर लावले तर आजवर चुकूनच बरोबर चालत आलेले नियम एकाच सकाळी सगळे मिळून बंद पडतात.