परखड टीकेमुळे लिखाणातला आपलेपणा जातो का?

तुम्ही विचारलंय की, लोकांनी चुका दाखवल्यावर लेख बदलला तर त्यातला आपलेपणा जातो का. माझा अनुभव अगदी उलटा आहे, म्हणून लिहितोय.

आजोबा परळच्या एका कापड गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. पुढे वडील, म्हणजे आबाही तिथेच लागले आणि १९८२ च्या संपात जे बाहेर पडले ते कायमचे. त्यावर मी लेख लिहिला. भोंगा, चाळ, डबा, गणपती, सगळं घातलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'अप्रतिम', 'डोळे पाणावले'चा पाऊस पडला. एका मित्राला मात्र कागदावर छापून दिला. तो वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, त्याचेही आजोबा गिरणीतच. आठ दिवसांनी कागद परत आला. एकाच वाक्याभोवती पेन्सिलीने गोल होता: 'गिरणीत जातपात नव्हती, भोंगा झाला की सगळे सारखे.' समासात लिहिलं होतं, 'कुणी सांगितलं? माझ्या आजोबांना साळखात्यात घेत नव्हते.'

मला भयंकर राग आला. महिनाभर त्याला फोन केला नाही. मग एका रविवारी आबांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मूठ तोंडाशी नेली आणि सुर्रकन श्वास आत ओढला. धोटा म्हणजे मागावर आडवा धावणारा लाकडी तुकडा, त्याच्या पोटात सुताची कांडी. धोट्याच्या भोकातून सूत असं तोंडाने ओढून घ्यायचे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्यालाही लावावा लागायचा, म्हणून दलितांना साळखात्यात येऊ देत नसत. तिथे पगार जास्त, आणि दलित मात्र रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता, हे मी वाचलेलं होतं. तो धोटा आमच्याच घरातल्या माणसाच्या तोंडाला लागत होता, हे कधी मनात आलं नव्हतं. आबा म्हणाले, "तुझे आजोबाही 'ते आत नकोत' म्हणणाऱ्यांतलेच."

लेख पुन्हा लिहिला, आबांच्या त्या मुठीपासून. भोंगा गेला, गणपतीही गेला. आधीचा लेख गिरणगावातल्या कुणाच्याही नावावर खपला असता. हा नाही खपणार.

माझा दादा म्हणतो, घरची उणीदुणी चव्हाट्यावर कशाला? दादा, आजोबांच्या मांडीवर बसून मीही वाचायला शिकलो. खोटं वाक्य ठेवल्याने त्यांचा मान वाढत नाही, आणि माझ्या मित्राच्या आजोबांचा तर मुळीच नाही.

तेव्हा लेख कौतुक करणाऱ्यांना दाखवू नका. त्या विषयात ज्याच्या घरच्यांनी काही सोसलंय अशा एकाला दाखवा. त्याने खूण केलेलं जे वाक्य सगळ्यात जास्त झोंबेल, तिथूनच पुन्हा लिहायला बसा. अर्थात सगळीच टीका अशी नसते. ज्याचं लेखाशी नाही, तुमच्याशीच वाकडं आहे, त्याचं सोडून द्या. आणि घरातलं लिहिणार असाल तर घरच्या मोठ्यांना आधी दाखवा.

मी दाखवला. आबांनी दोनदा वाचला. 'सूत तुटलं की धोटा तोंडाला लावायचे' हे वाक्य खोडून त्यांनी वर लिहिलं, 'तुटल्यावरच नाही. दर कांडीला.'