बिगरहंगामात समुद्राकाठी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघे निवृत्त आहोत. गर्दी सोसवत नाही, म्हणून हंगाम संपल्यावर समुद्राकाठच्या एखाद्या लहान गावी चार-पाच दिवस निवांत राहावे असे मनात आहे. “तेव्हा तिथे सगळे बंद असते, जाऊन करणार काय?” असे घरचे म्हणतात. नेमके केव्हा जावे आणि निघण्यापूर्वी काय विचारून घ्यावे?

उत्तर: घरच्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, मात्र ‘बिगरहंगाम’ या एकाच शब्दाखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी घालतो. कुठे थंडीमुळे लोक येत नाहीत, कुठे पावसामुळे, कुठे वादळांच्या भीतीने, तर कुठे केवळ शाळा सुरू झाल्या म्हणून. त्यामुळे आपण निवडलेल्या गावी लोक त्या महिन्यांत का जात नाहीत, हे आधी शोधावे. शाळा हेच कारण असेल, तर बिनदिक्कत जावे. कारण वादळे असतील, तर तारखाच बदलाव्यात. उदाहरणार्थ, अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत काळ १ जून ते ३० नोव्हेंबर मानला जातो आणि त्यांचा सर्वाधिक जोर सप्टेंबरच्या सुमारास असतो. त्या दिवसांत कॅरिबियन बेटांवर मिळणारी सवलत उगीच मिळत नाही.

थंड प्रदेशातील किनारा असेल, तर हंगामाच्या अलीकडचे दिवस आणि पलीकडचे दिवस सारखे नसतात, आणि माझ्या मते तारखा ठरवताना हाच मुद्दा सर्वांत उपयोगी पडतो. पाणी तापायलाही वेळ घेते आणि निवायलाही. उत्तर गोलार्धात सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये असला, तरी समशीतोष्ण भागातील समुद्र सर्वांत उबदार असतो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि सर्वांत गार फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून एप्रिल-मेमध्ये ऊन छान पडलेले असूनही पाण्यात पाय घालवत नाही, तर सप्टेंबरच्या अखेरीस गर्दी ओसरलेली असते आणि पाण्यात उन्हाळा अजून शिल्लक असतो. दक्षिण गोलार्धात हेच गणित सहा महिन्यांनी पुढे धरावे. हिवाळ्यातच जायचे असेल, तर दिवस किती लहान असतो तेही पाहावे. ५० अंश अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात जेमतेम आठ तास उजेड मिळतो, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर लांब फिरायला निघण्याचा बेत जमणारा नाही.

आता ‘सगळे बंद’ या आक्षेपाविषयी. राहण्याच्या ठिकाणी दूरध्वनी करून “तेव्हा गाव चालू असते का?” असे विचारले, तर उत्तर नेहमी “हो” असेच येते. त्याऐवजी “मंगळवारी संध्याकाळी सात वाजता चालत जाऊन कुठे जेवता येईल?” असे विचारावे. उत्तर देणारा क्षणभर थांबला, की काय ते समजते. औषधांचे दुकान, दवाखाना, पैसे काढण्याचे यंत्र आणि परतीची शेवटची गाडी यांचीही अशीच वार आणि वेळ सांगून चौकशी करावी. लहान गावांत हंगाम संपला की मालक स्वतः सुट्टीवर जातात, डागडुजी काढतात, आणि उरलेली दुकाने आठवड्यातले काही दिवसच उघडतात. बोटींची वेळापत्रके तर हंगामानुसार बदलतात. एकदा मी उन्हाळ्यातले वेळापत्रक खिशात घालून धक्क्यावर पोहोचलो, तर तिकीटखिडकीच्या आतून हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता आणि त्यावरची बोट तासाभरापूर्वीच सुटलेली होती. तेव्हापासून मी वेळापत्रकावर ते कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हे आधी वाचतो, आणि बोटीने परतायचे असेल तेव्हा पुढचा एक दिवस मोकळा ठेवतो, कारण वारा वाढला की फेरी रद्द होते.

खोली घेताना समुद्र दिसतो की नाही यापेक्षा ती कोरडी आहे की नाही हे महत्त्वाचे. महिनाभर बंद राहिलेल्या खोलीत गादीला कुबट वास येतो, चादर हाताला ओलसर लागते आणि खिडकीच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेने गंजून कुरकुरतात. जिथे मालक बारा महिने राहतात असे घर शोधावे, शक्यतो वरच्या मजल्यावरची खोली मागावी आणि ती आदल्या दिवशी उघडून ठेवायला सांगावे.

प्रश्न: मला किनाऱ्याने लांबवर चालायला आवडते. हंगाम नसताना जीवरक्षक नसतात असे ऐकले. एकट्याने फिरताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: भरती-ओहोटीचे स्थानिक कोष्टक पाहिल्याशिवाय निघू नये. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढची ओहोटी साधारण सहा तास बारा मिनिटांनी येते, आणि म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल चारला सुरक्षित असलेली वाट चार दिवसांनी त्याच वेळी सुरक्षित असेलच असे नाही. शिवाय पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. एकूण चढावापैकी जवळजवळ निम्मा मधल्या दोन तासांत होतो, त्यामुळे “अजून बराच वेळ आहे” हा अंदाज नेमका तिथेच फसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. भरती आणि ओहोटीच्या पातळीत फरक किती पडतो हे जागेवर अवलंबून आहे: भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, तर कॅनडातील फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत जातो. कोष्टक हाताशी नसेल तर निदान कड्याचा पायथा पाहावा. खडकावर जिथपर्यंत शेवाळ आणि कालवे चिकटलेली दिसतात, तिथपर्यंत पाणी नेहमी येते, आणि कड्याखालची तुमची वाट त्या रेषेच्या खाली असेल तर परतीची वेळ आधी ठरवूनच तिकडे वळावे.

आकाश निरभ्र आहे म्हणून खडकाच्या टोकावर जाऊन उभे राहू नये. शेकडो मैलांवरच्या वादळात उठलेल्या लाटा दोन दिवसांनी शांत हवेतही इथे येऊन आदळतात, आणि लहान लाटांच्या ओळीत मधूनच एखादी मोठी निघते. पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर उत्तम पोहणाऱ्याचाही श्वास पहिल्या एक-दोन मिनिटांत ताब्यात राहत नाही, म्हणून एकट्याने पोहणे टाळावेच. कुठे निघालो आणि किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून जावे.

प्रश्न: हंगाम नसताना भाडे किती कमी करून मागावे?

उत्तर: पैशांसाठी फार ताणू नये. रिकाम्या घरात दोनच पाहुण्यांसाठी खोली ऊबदार ठेवण्याचा मालकाचा खर्च कमी होत नाही. त्याऐवजी हवामानामुळे बेत बदलला तर तारीख पुढे ढकलता येईल, एवढे लेखी कबूल करून घ्यावे. प्रवासविमा काढणार असाल तर तिकिटाबरोबरच काढावा. वादळाची सूचना निघाल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाचे नुकसान सहसा धरले जात नाही.