आधी जागा, मग प्राणी

तुझा मेसेज वाचला, चित्राचा फोटोही मोठा करून बघितला. ससा चांगला जमलाय तरी चिकटवल्यासारखा का दिसतो, असं विचारलंस. अगं चिकटवलेलाच आहे तो. आधी फोटोवरून मिशीच्या केसासकट ससा पूर्ण केलास आणि मग उरलेल्या जागेत गवत भरलंस. 'बॅकग्राउंड भरायचं' हे बोलणंच सोड आता.

आधी जागा. उजेड कुठून येतोय, जमीन ओली आहे की कोरडी, सावली निळसर पडलीय की तपकिरी, हे ठरलं की सशाचे अर्धे रंग तिथूनच मिळतात. त्याचं पोट तू पांढरंशुभ्र केलंयस, कारण पांढरं असतं हे तुला माहितीये, पण ते सावलीत आहे ना, त्याच्यावर खालच्या गवताचा रंग चढणारच. ॲबट थेयर या चित्रकाराने 1896 मध्ये हेच मांडलं होतं, वरून उजेड पडतो म्हणून पाठ गडद आणि सावलीतलं पोट फिकट, दोन्ही मिळून अंगाचा उठावच मरतो आणि प्राणी समोर असून दिसत नाही. आणि आपण तोच उठाव शेडिंग करकरून परत आणतो!

ब्रूनो लिल्येफोर्स या स्वीडिश चित्रकाराचे बर्फातले ससे बघ. जवळून केस शोधायला गेलं तर नुसते ब्रशचे फटकारे, लांबून बघितलं की जिवंत ससा.

मी 12 वर्षं तुझ्यासारखंच केलं. एका गॅलरीवाल्याने सांगितलं होतं, प्राणी दारातून दिसला पाहिजे, आणि मी ऐकलं. ती चित्रं विकली गेली, आज समोर आली तर मला बघवत नाहीत. मग वही घेऊन बाहेर बसायला लागले. एकदा दोन तास काहीच आलं नाही म्हणून समोरचा बांधच काढत बसले, तेवढ्यात कोल्हा आला, मिनिटभरही थांबला नाही, हातात फक्त पाठीची रेघ आली. पण बांध तयार होता ना, कोल्हा त्यात बसला. लोक म्हणतात तुमच्या चित्रात प्राणी शोधावा लागतो. लागू दे की, बाहेर पण शोधावाच लागतो. ऑर्डरी कमी झाल्या, तरी यात मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

आधी जागा, परत सांगते. महिनाभर ससा काढूच नकोस. तेच गवत, सकाळी 7 चं आणि संध्याकाळचं, तिथे बसून. पहिली पाच-सहा झाली की पाठव, बिघडलेली पण.