अमेरिकेत प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींखाली, देखरेखीत) असताना डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घेता येतं का? ते देखरेख करणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरला सांगावंच लागतं का?

हो, तुमच्या नावावर प्रिस्क्रिप्शन असेल तर औषध घेता येतं, पण ‘हिपा आहे, सांगणार नाही’ हे उत्तर बहुधा चालत नाही. हिपा (HIPAA) हा रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याबाबतचा १९९६ चा कायदा. तो डॉक्टर, हॉस्पिटल, फार्मसी, विमा कंपनी यांना बांधतो, प्रोबेशन ऑफिसरला नाही. डॉक्टर सहसा तुमच्या सहीशिवाय फाइल देणार नाहीत, पण ऑफिसर तुम्हालाच विचारू शकतो आणि ती सही करणं ही अनेकदा कोर्टाचीच अट असते. फेडरल (केंद्रीय) प्रोबेशनच्या कायद्यातही मनाई आहे ती प्रिस्क्रिप्शनशिवाय नियंत्रित (कायद्याने निर्बंध घातलेली) औषधं घेण्याला. अ‍ॅडरॉल (एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरचं औषध) घेत असाल तर लघवीच्या चाचणीत अ‍ॅम्फेटामिन दिसणारच, तेव्हा प्रिस्क्रिप्शनची प्रत चाचणीआधीच द्या. नंतर दिलेला कागद सारवासारव वाटतो. संमतिपत्रात ‘सर्व नोंदी’ असं असेल, तर ते औषधाचं नाव, डोस आणि तारखेपुरतं करून मिळेल का, हे वकिलाला विचारा. अपवाद गांजाचा: राज्याचं मेडिकल कार्ड असलं तरी फेडरल प्रोबेशनवर तो चालत नाही. राज्याच्या प्रोबेशनवर मात्र नियम राज्यागणिक बदलतात. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका काउंटीची (जिल्ह्याची) मेडिकल गांजावरची सरसकट बंदी रद्द केली होती.