वाचकांचे प्रश्न : दोन महासागरांमधल्या कालव्याला पाणीटंचाई?

प्रश्न : पनामाच्या दोन्ही बाजूंना महासागर असताना २०२३मध्ये तिथल्या कालव्याला पाणी कसं कमी पडलं? नाशिकची द्राक्षं त्याच वाटेने युरोपला जातात का? आणि हा कालवा नेमका कुणाचा?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : पनामा कालवा समुद्राच्या पाण्यावर नाही, धरणाच्या गोड्या पाण्यावर चालतो. चाग्रेस नदी गातून नावाच्या ठिकाणी अडवून केलेला तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंच आहे. अटलांटिककडून आलेलं जहाज दरवाजे असलेल्या तीन हौदांतून पायरी-पायरीने वर चढतं, तलाव ओलांडतं आणि पेद्रो मिगेलला एक, मिराफ्लोरेसला दोन पायऱ्या उतरून पॅसिफिकला लागतं. हौद भरायला पंप लागत नाहीत, तलावाचं पाणी उतारानेच येतं. पण एका जहाजामागे साधारण २० कोटी लिटर पाणी समुद्रात जातं. गंगापूर धरणाचा साठा रोज पेपरात पाहणाऱ्यांना टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगितलेलं लवकर कळेल : १४० जहाजं गेली की एक टीएमसी संपला. रोजची ३६ जहाजं धरली, तर चार दिवसांत!

म्हणून सगळी भिस्त पावसावर. २०२३मध्ये एल निनोमुळे ऐन पावसाळ्यात पाऊस दडी मारून बसला आणि २०२४च्या सुरुवातीला रोजची जहाजं २४वर आणावी लागली. समुद्राचं पाणी उपसून तलाव भरावा, तर पनामा सिटी आणि कोलोन ही दोन्ही शहरं याच तलावाचं पाणी पितात. २०१६च्या नव्या, मोठ्या हौदांना शेजारी साठवण टाक्या आहेत. त्यांतून ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं, पण त्या हौदांतून तलावात खारेपणा शिरतो. आता रिओ इंदिओ नदीवर नवं धरण बांधायचं चाललं आहे आणि काठची शेतकरी गावं त्याला विरोध करत आहेत. धरणात गाव गेलेल्यांना त्यांचं म्हणणं वेगळं समजावून सांगायला नको.

कालवा आज पनामाचा आहे, पण तो सहज मिळालेला नाही. ३ नोव्हेंबर १९०३ला पनामा कोलंबियापासून वेगळा झाला आणि लगेच कालव्याचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात गेला. १९१४ला कालवा सुरू झाला. जानेवारी १९६४मध्ये त्या पट्ट्यात आपला झेंडा फडकवायला गेलेल्या विद्यार्थ्यांवरून दंगल पेटली, वीसहून अधिक पनामावासी मेले. १९७७मध्ये कालवा पनामाला देण्याचा करार झाला, तरी पूर्ण ताबा यायला ३१ डिसेंबर १९९९ उजाडला.

द्राक्षांचं म्हणाल, तर न्हावा शेवाहून युरोपला जाणारे कंटेनर सुएझमार्गे जातात, आणि तांबड्या समुद्रात गडबड असली की आफ्रिकेला वळसा घालून. पनामाची वाट त्यांच्यासाठी उलट्या दिशेची आहे.