पिशवी काउंटरवर, ग्लुकोज खिशात

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापड दुकानात तिला पिशवी बाहेर ठेवायला लावली. इन्सुलिन, ग्लुकोमीटर, ग्लुकोज सगळं त्यातच होतं. कायद्याने पिशवी आत नेता येते का?
– एक वाचक, कोथरूड

कायद्याचा आधार तुम्हाला वाटतो तितका भक्कम नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मधुमेह नाही, म्हणून केवळ त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रही मिळत नाही. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन त्या यादीत आहेत. त्यांना राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रारीचा रस्ता आहे आणि ते कार्यालय पुण्यातच आहे.

तुम्ही दारात कलमं सांगत बसू नका. सूट देणं रक्षकाच्या हातात नसतं, त्याच्याशी हुज्जत नको. मॅनेजरला बोलवा आणि नेमकं मागा : ‘पिशवी ठेवते, औषधांचं पाउच आत नेऊ द्या, हवं तर उघडून बघा.’ दुकानाला धास्ती चोरीची असते. म्हणून पाउच पारदर्शक घ्या. त्यात इन्सुलिनचं पेन, सुया, मीटर, साखर तपासायच्या पट्ट्या आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं दोन ओळींचं पत्र, शक्यतो मराठीत. पेन पिशवीत राहू देऊ नका. वापरातलं इन्सुलिन ३० अंशांच्या आत ठेवावं लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात फुटपाथलगतच्या काउंटरवर ते खराब होऊ शकतं.

ग्लुकोज मात्र पाउचमध्येही नको, अंगावरच्या कपड्यांच्या खिशात हवं. रक्तातली साखर ७० (मिग्रॅ/डेसीलीटर) च्या खाली गेली की १५ ग्रॅम घ्यायचं, १५ मिनिटांनी तपासायचं, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. घरी काट्यावर तोलून तीन पुड्या बांधून द्या. ट्रायल रूमच्या रांगेत हात थरथरू लागले की टोकन दाखवून पिशवी सोडवण्याइतकं भान राहीलच असं नाही. चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.

प्रश्न : आमचं रविवार पेठेत दुकान आहे. मधुमेह असलेल्या ग्राहकाला आत साखर उतरून त्रास झाला तर नोकरांनी काय करावं?
– एक दुकानदार

दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं पाहून माणूस प्यायलेला आहे असं वाटतं आणि त्याला बाहेर काढलं जातं. सर्वांत घातक चूक ती. आधी बसवा. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर अर्धा पेला, म्हणजे १५० मिली, साधं कोल्ड्रिंक द्या. ‘डाएट’ किंवा ‘शुगर फ्री’ नको, त्यात साखरच नसते. एक बाटली गल्ल्याशेजारी कायम ठेवा. पंधरा मिनिटं एकटं सोडू नका. फरक नसेल तर तेवढंच पुन्हा द्या. बरं वाटल्यावर बिस्किटं किंवा पोळी खायला द्या.

पाउचमध्ये इन्सुलिन दिसलं म्हणून कोणी मदतीच्या भरात ते टोचू नये. त्याने साखर आणखी उतरते आणि जीवावर बेतू शकतं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, चिमूटभर साखरही नाही, ती श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि एका माणसाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा, म्हणजे रुग्णवाहिकेला दुकान शोधत बसावं लागणार नाही.