'डायरी ऑफ अ विम्पी किड' ११ वर्षांच्या मुलाला द्यावं का?

तुमचा प्रश्न असा की मुलगा सहावीत आहे, जाड पुस्तक बघितलं की पळतो, आणि हे एकच पुस्तक मागतोय. पण त्यात डायरी लिहिणारा ग्रेग खोटं बोलतो, मित्राला फसवतो, मग ते द्यावं का? माझं उत्तर : जरूर द्या. माझ्या मुलीचं सलग वाचन याच पुस्तकाने सुरू झालं.

पुस्तकात मजकुराबरोबर चित्रं आहेत, पण ती सजावटीला काढलेली नाहीत. लेखक जेफ किनी यांना वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायची होती, ते जमलं नाही. मग त्यांनी शाळकरी पोराच्या हातची वाटतील अशी चित्रं मुद्दाम काढली. २००४मध्ये ही डायरी इंटरनेटवर येऊ लागली, २००७मध्ये पुस्तक आलं. ग्रेग लिहितो एक आणि शेजारचं चित्र दाखवतं भलतंच. मूल हसतं ते तिथे. म्हणजे सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हे त्याला न शिकवता कळायला लागतं. मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचताना हेच तर लागतं!

फसवणुकीचा प्रसंग तुम्ही म्हणता तसा आहेच. बालवाडीच्या पोरांना घरी सोडायचं काम शाळेने ग्रेग आणि त्याचा मित्र राउली यांना दिलेलं असतं. ग्रेग राउलीचा कोट घालून काठीला अळी लावतो आणि त्या पोरांमागे धावतो. बघणाऱ्याला तो राउली वाटतो, शिक्षा राउलीला होते. आई सांगते, योग्य ते कर. ग्रेग विचार करून ठरवतो की गप्प बसणंच योग्य! पुढे खरं बाहेर येतं आणि ते काम जातं ग्रेगचंच. वाचणारं मूल ग्रेगच्या बाजूने उभं राहत नाही, हे मी घरात पाहिलंय.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा. अमेरिकेत मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, बहुतेक ठिकाणी वेगळ्या शाळेत. आपल्यासारखं पाचवीतून त्याच आवारात सहावीत जाणं नाही. त्यामुळे ग्रेगला तिथे नव्याने जागा शोधावी लागते. हे माहीत नसेल तर त्याची धडपड नुसता आगाऊपणा वाटते.

शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर पडलेल्या बुरसटलेल्या चीजचा खेळ समजावायला मात्र काहीच लागत नाही. हात लागला की राज्य आलं, दुसऱ्याला शिवलं की सुटका. बोटांची अढी घातली की आपली टाइमप्लीज.

शेवटी दांडगी पोरं राउलीला ते चीज खायला लावतात. ग्रेग अ‍ॅलर्जीची थाप मारून सुटतो. दुसऱ्या दिवशी चीज गायब दिसतं तेव्हा तो सगळ्यांना सांगतो, मीच ते फेकून दिलं. मुलगी तिथे थांबली. म्हणाली, "आई, या वेळी तो राउलीसाठी खोटं बोलला." त्या पानापाशी तुमचा मुलगा पोचला की तुम्हीही शेजारी बसा.